वापर नाही म्हणून बंद : चवदार तळे, महार वतन आणि खिशातले क्रेडिट कार्ड



बावधनमध्ये राहणाऱ्या आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने मध्यंतरी मला दोन मेसेज पुढे पाठवले. दोन्ही इंग्रजीत. पहिल्याचा अर्थ असा की, तुमचे क्रेडिट कार्ड वर्षभर वापरले गेलेले नाही, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर खाते बंद करण्यात येईल. दुसरा मेसेज दुसऱ्या बँकेचा. तुमच्या कार्डाची मर्यादा एक लाखावरून चाळीस हजारांवर आणली आहे. कारण तेच, वापर कमी. खाली त्याचा प्रश्न होता, "दादा, दोनशेचे पेट्रोल भरून कार्ड जिवंत ठेवू का?"

हे कार्ड त्याने पहिली नोकरी लागल्यावर घेतले होते. वडील म्हणाले, "उधारीच्या नादी लागू नको." त्याने ऐकले आणि कार्ड कपाटात ठेवून दिले. आता येत्या जूनमध्ये बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी कर्ज काढायचे आहे, आणि कोणीतरी त्याला सांगितले की कार्ड बंद झाले की सिबिल स्कोअर पडतो. म्हणजे उधारी केली नाही, हाच आता त्याचा गुन्हा ठरतो की काय, अशी त्याला भीती.

मी लगेच उत्तर दिले नाही. 'तुम्ही वापरले नाही, म्हणून ते तुमचे नाही' हे वाक्य आपल्या समाजाने याआधीही ऐकलेले आहे. कोर्टात ऐकलेले आहे, कचेरीत ऐकलेले आहे. त्यामुळे त्याला उत्तर देण्याआधी जरा मागे जाऊन पाहावेसे वाटले.

पण आधी नियम काय आहे ते नीट वाचू. नियम न वाचताच त्याला शिव्या घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल निर्देश काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात असे आहे की, एक वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरले नसेल तर बँकेने ग्राहकाला कळवून खाते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर थकबाकी चुकती असल्यास खाते बंद करावे. ग्राहकाने स्वतःहून कार्ड बंद करायला सांगितले तर सात कामाच्या दिवसांत ते बंद झालेच पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे.

हा नियम दलितविरोधी वगैरे नाही. न वापरलेल्या कार्डावर वार्षिक फी चढत राहते, ते चोरीला गेले तर कळतही नाही. गेटवर टेबल टाकून गळ्यात मारलेली लाखो कार्डे या देशात आहेत, ती बंद व्हावीत हे ग्राहकाच्या भल्याचेच आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. मर्यादा वाढवायची तर बँकेला तुमची संमती लागते. मर्यादा कमी करायची तर नुसते कळवले की झाले. न वापरलेल्या मर्यादेवर बँकेला व्याज मिळत नाही आणि जोखीम मात्र डोक्यावर राहते, म्हणून ती कापते. २००८ च्या मंदीत अमेरिकेतल्या बँकांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले होते.

स्कोअरचा हिशेबही सांगून टाकतो. समजा तुमच्याकडे पन्नास-पन्नास हजार मर्यादेची दोन कार्डे आहेत आणि तुम्ही एकावर महिन्याला २५ हजार खर्च करता. एकूण एक लाखातले २५ हजार, म्हणजे २५ टक्के वापर. दुसरे कार्ड बंद झाले की तोच खर्च पन्नास हजारांतला, म्हणजे ५० टक्के. तुम्ही एक रुपया जास्त खर्च केलेला नाही, तरी कागदावर तुम्ही कर्जावर जास्त अवलंबून असलेला माणूस दिसता. पोराची भीती अगदीच खोटी नाही.

आता मागे जाऊ. महाडला.

रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सरकारी खर्चाने चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे १९२४ पासून आपल्या लोकांचे त्या तळ्यावर, आजच्या भाषेत सांगायचे तर, खाते उघडलेले होते. आणि तीन वर्षे त्यात एकही व्यवहार नव्हता. का नव्हता, हे सांगायला नको. ओंजळ बुडवायला गेलेल्याचे डोके फुटले असते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पहिली ओंजळ घेतली तेव्हा नेमके तेच घडले, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले.

त्यानंतरची घटना आपण भाषणांत फारशी सांगत नाही. त्याच ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. गंमत पाहा. वापर नव्हता तोवर ठराव सुखरूप होता. वापर झाला आणि ठराव रद्द झाला. व्यवस्थेला न वापरलेला हक्क कधीच टोचत नाही.

मग सवर्ण मंडळी कोर्टात गेली. १२ डिसेंबर १९२७ ला दावा दाखल झाला, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. म्हणूनच त्या महिन्याच्या सत्याग्रह परिषदेत पुन्हा तळ्यावर जाण्याचा निर्णय स्थगित झाला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. दाव्यातला मुद्दा साधा होता. अनादिकाळापासून तळे फक्त आम्हीच वापरतो, अस्पृश्यांनी ते कधी वापरलेले नाही, ही रूढी आहे, आणि रूढी हाच कायदा. तुम्ही वापरले नाही, म्हणून ते तुमचे नाही.

हा दावा दहा वर्षे चालला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अपील झाले, तेही फेटाळले गेले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी अनादिकाळची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, आणि अपील काढून टाकले. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. शेजारच्यांनी ते कितीही पिढ्या एकट्याने वापरले असले आणि आपल्या बापजाद्यांना कितीही काळ लांब ठेवले असले, तरी तेवढ्याने आपला हक्क मेला नाही. मी या निकालाचा असा अर्थ घेतो, आणि आपल्या चळवळीला तो अजून पुरता उमगला आहे असे मला वाटत नाही. वापर नसणे आणि हक्क नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधला प्रश्न आधी विचारावा लागतो : वापर का नव्हता?

जी मनुस्मृती त्या डिसेंबरात जळली, तिच्या आठव्या अध्यायात आपल्या आजच्या विषयाचे दोन्ही धागे आहेत. एक, दुसरा माणूस आपली वस्तू दहा वर्षे डोळ्यांदेखत वापरतो आणि मालक गप्प बसतो, तर मालकाचा हक्क जातो. गप्प बसणाऱ्याला बोलायची परवानगी कोणी दिली होती, हे मनू विचारत नाही. दोन, व्याजाचा दर. ब्राह्मणाकडून दरमहा दोन टक्के, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. क्रेडिट स्कोअर या देशात ऑगस्ट २००० मध्ये सिबिलच्या स्थापनेनंतर आला असे समजणाऱ्यांनी हा श्लोक वाचावा. इथे माणसाच्या जन्मावरूनच स्कोअर ठरत होता, आणि अस्पृश्य तर त्या यादीतही नव्हता. (जाता जाता : आजच्या क्रेडिट कार्डाचा थकबाकीवरचा दर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे मनूच्या हिशेबाने क्षत्रिय आणि वैश्य यांच्या मधोमध. एवढी बढती आपल्याला मिळाली म्हणायची.)

सावकारशाहीचा इतिहास इथे सगळा सांगत बसत नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात, हे शाळेत शिकवतात. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या कर्जाची चिरफाड केली, तीही तुम्हाला ठाऊक आहे. बावधन ज्या मुळशी तालुक्यात आहे, तिथे १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. राजेंद्र व्होरांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकात मावळ्यांच्या जमिनींवर पुण्याच्या सावकारांची पकड किती होती ते दाखवले आहे. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के निघाला. बाकी बहुतेक सावकार. हे जमीन असलेल्यांचे झाले. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीनच नाही, त्याने काय गहाण टाकायचे? अंग. वर्षभराची सालदारी.

पण आपल्यातल्या काहींकडे जमीन होती. वतनाची. आणि इथे बावधनचा संबंध पुन्हा येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या सुमारे ३०० कोटींच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला. त्यातला मुद्रांक शुल्काबाबतचा गुन्हा बावधन पोलीस ठाण्यात नोंदवला गेला. दोषी कोण, ते तपास आणि कोर्ट ठरवेल. मला त्यातली जुनी गोष्ट महत्त्वाची वाटते : महारांची वतन जमीन सरकारच्या नावावर गेली कशी?

महार वतन म्हणजे गावकीची रात्रंदिवस सेवा करायची आणि बदल्यात जमिनीचा तुकडा कसायचा. हाडकी-हाडोळा हे त्या तुकड्यांचे नाव आजही सातबाऱ्यांच्या बोलण्यात निघते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली. जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली, पण अट होती. ठरावीक मुदतीत शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम सरकारजमा करायची. नाही भरली तर कसणारा माणूस त्याच जमिनीवर अनधिकृत कब्जेदार. भरली तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ज्यांना नोटीस वाचता येत नव्हती, ज्यांचे भाऊबंद मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत गेले होते, त्यांच्यापर्यंत ही मुदत पोचली किती आणि किती जणांची हुकली, हे आपल्या प्रत्येक वाडीवस्तीत एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. मुदत हुकली, जमीन गेली. साठ वर्षांनी त्याच जमिनीला कोटींचा भाव आला. चांदणी चौकातून खाली बावधनकडे उतरताना राम नदीच्या दोन्ही अंगांना उभे राहिलेले टॉवर पाहिले की पुण्याच्या कडेच्या जमिनीचे काय झाले ते कोणालाही कळते. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आले. ज्यांच्या नावावर जमीन होती ते बिल्डरशी बोलायला बसले. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते ते त्याच टॉवरच्या गेटवर उभे राहिले, काठी घेऊन.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी पोराला सांगणार, भर पेट्रोल, हक्क सोडू नको, आधी जमीन गेली आता कार्ड जाऊ देऊ नको. थांबा. वतनाबद्दल बाबासाहेबांनी काय म्हटले होते ते आठवा.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. तेव्हा आपल्याच लोकांत खळबळ झाली. वतन गेले तर जमीन जाईल, बलुते जाईल, गावातला मान जाईल. बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. जमिनीचा पूर्ण सारा भरा, ती रयतावा करून घ्या, आणि सेवेतून मोकळे व्हा. सेवा करत राहिलात तरच जमीन तुमची, असा तो करार होता, आणि हा करारच बाबासाहेबांना मोडायचा होता. जमीन हवी, वेठ नको. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, पण भूमिका सुटली नाही.

म्हणून मी असे म्हणतो. बँकेतले खाते, शिक्षणाचे कर्ज, स्वस्त व्याजाची पत हे चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणी. त्याचा वापर झाला नाही म्हणून कोणी हक्क नाकारत असेल तर भांडले पाहिजे. क्रेडिट कार्ड मात्र वतनासारखे आहे. ते टिकवायचे तर खर्चाची वेठ करत राहावी लागते. दोनशेच्या पेट्रोलने सुरुवात होते, मग सणाला मोबाईल, मग 'किमान देय रक्कम' भरून उरलेल्यावर दरमहा साडेतीन टक्के. शिस्तीचा माणूस दर महिन्याला पूर्ण बिल भरतो आणि त्याला काही होत नाही, हे खरे. पण ज्याच्या घरात एका आजारपणाने महिन्याचे गणित कोसळते, त्याने शिस्तीच्या भरवशावर हा फास गळ्यात ठेवावा का?

तळ्याची बाजूही कच्ची नाही. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ मध्ये विभेदक व्याजदर योजना आली. दुर्बल घटकांना वर्षाला चार टक्के दराने कर्ज, आणि त्यातला निदान ४० टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींसाठी. मनूने तळाच्या माणसाला सर्वांत चढा दर लावला होता, या योजनेने सर्वांत कमी. ही योजना संविधानाच्या पोटातून आलेली आहे. तुमच्यापैकी किती जणांनी शाखेत जाऊन तिचे नाव घेतले? मी स्वतः पहिल्यांदा विचारले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी शेजारच्याला विचारले, आणि शेजारच्याने मॅनेजरला.

जनधन खाती ऑगस्ट २०१४ पासून निघाली, पन्नास कोटींच्या वर गेली, आणि त्यातली साधारण पाचातले एक निष्क्रिय आहे. या खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा आहे, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा एक तरी व्यवहार असावा लागतो. वस्तीतल्या किती बायकांना हे माहीत आहे? इथे मात्र मी म्हणेन, महिन्याला पन्नास रुपये का होईना, काढा. त्याला व्याज लागत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या मागे दोन लाखांपर्यंतचा आधार राहतो.

खात्याचे बाकीचे नियमही ऐकून ठेवा. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही की बचत खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे दावा झाला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. ती बुडत नाही, खातेदार किंवा वारस बँकेकडे मागू शकतो, आणि कुठल्या बँकेत पडून आहे हे 'उद्गम' पोर्टलवर शोधता येते. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायला पैसे घेता येत नाहीत. शिष्यवृत्ती किंवा सरकारी लाभासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती दोन वर्षे व्यवहार नाही एवढ्यावरून निष्क्रिय ठरवता येत नाहीत. हे शेवटचे वाक्य छापून समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर चिकटवा. शिष्यवृत्ती सरकारच वेळेवर देत नाही, आणि खात्यात व्यवहार नाही म्हणून खाते बंद, असा दुहेरी मार पोरांनी खाल्लेला आहे.

बाबासाहेबांचीच एक गोष्ट इथे आठवते. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले, नवल भाथेनांनी उसने दिले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. त्यातूनच १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आले. तीन वर्षे बिनवापराचे पडलेले ते नाव कोणीतरी वहीत राखून ठेवले होते. आणि त्या तीन वर्षांत बाबासाहेब मुदत विसरले नव्हते.

पोराला मी उत्तर पाठवले ते असे. वर्षभर न वापरलेल्या कार्डात पेट्रोल भरू नको. फी लागत असेल तर तूच लेखी कळवून बंद कर आणि थकबाकी नसल्याचे पत्र घे. सात दिवस मोज. ज्याची मर्यादा कापली ते कार्ड जुने आणि बिनफीचे असेल तर ठेव, विजेचे बिल त्यावर भर आणि पगार झाला की पूर्ण चुकते कर, त्याहून जास्त काही नाही. वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो, तो मागव आणि चुकीची नोंद असेल तर तक्रार कर. बहिणीच्या कर्जाची भीती आणखी एका कारणाने कमी कर. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. शाखेत कोणी स्कोअर नाही म्हणून परत पाठवले तर नकार लेखी माग.

त्याचे उत्तर रात्री आले. कार्डाचे त्याने पाहतो म्हटले. पण घरात शोधताना आईचे जनधनचे पासबुक सापडले होते. शेवटची नोंद २०१९ ची, शिल्लक ३१२ रुपये. सोमवारी आईला घेऊन तो केवायसी करायला शाखेत जाणार आहे. त्यासाठी आईने कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली आहे.